उन्हाच्या काचेवरचं कुंकू

विष्णू गेल्याचा निरोप कल्याणला आला तेव्हा मी वर्गात मुलांकडून पाढे म्हणवून घेत होतो. ठाण्याला पोचेपर्यंत सारं आटोपलं होतं... त्याला आता महिना होत आला. ठाण्याचा हा शाळामास्तर माझा बालमित्र, आणि अख्ख्या गावात ऊन मोजणारा एकटाच. त्याच्या परसात खांबावर सरकारी थर्मामीटर होता. हवा काढून घेतलेल्या काचेच्या फुग्यात काजळी फासलेला गोळा. तो उन्हाने तापला की पारा चढे आणि विष्णू तो आकडा मुंबईच्या वेधशाळेला कळवी. वाचताना आपली सावली पडू नये म्हणून तो नेहमी खांबाच्या उत्तरेलाच उभा राही. "अरे, तुझ्या सावलीने ऊन काय पळून जातंय?" म्हणून मी त्याला छळत असे.

एका दसऱ्याला वहिनींनी अडकित्ता, दौत यांच्याबरोबर थर्मामीटरचीही पूजा केली. तेव्हापासून पारा उतरला. ऊन अंग भाजून काढत होतं आणि ठाण्याचा आकडा मात्र खाली! मुंबईचा साहेब वैतागला. जागाच वाईट आहे, उपकरण कल्याणच्या शाळेत हलवू, म्हणाला. कल्याणची शाळा म्हणजे माझी; मी मनातून खूश. विष्णूची झोप उडाली. शेवटी तो खांबाला वळसा घालून दक्षिणेकडे गेला, तर काचेवर ऊन अडवणारा कुंकवाचा ठसठशीत टिळा.

गुपचूप पुसलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण साहेब आला त्या दुपारी विष्णूने आधी कुंकवासकट आकडा वाचून दाखवला. मग फडकं उचललं, तशा दाराआडून वहिनी कळवळल्या, "अहो, कुंकू पुसू नये!"

"पुसत नाही गं, हलवतोय." त्याने बोटाने तेच कुंकू खांबाला लावलं आणि काच स्वच्छ केली. थोड्या वेळात पारा वर. "साहेब, दसऱ्यापासूनचे माझे सगळे आकडे रद्द करा," तो म्हणाला. उपकरण तिथेच राहिलं. माझं कल्याण हुकलं, पण हा माझा मित्र, असं मी ज्याला त्याला सांगत सुटलो. आजही सांगताना छाती फुगते.

यंदा दसऱ्याला त्या घरात सण नव्हता. मी गेलो तेव्हा खांबावर नवं कुंकू नव्हतं. नवे मास्तर आकडा घ्यायला येणार म्हणून वहिनी काच पुसत होत्या. कपाळ मोकळं... उभ्या मात्र खांबाच्या उत्तरेला.

"सावली पडत नाही ना हो, भाऊजी?"

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "जागा अगदी बरोबर आहे."