पेटीच्या खोलीतली ऊब

धाकटा भाऊ नवरात्रात गेला आणि त्यानंतरच्या थंडीत गच्चीवरच्या खोलीतला हीटर जळाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण माझ्या मनात त्या एकाच दिवशी घडल्यासारख्या चिकटून बसल्या आहेत.

खोली पत्र्याची. आमचे वडील, ज्यांना आम्ही आणि सगळी गल्ली नाना म्हणते, तिथे भजनाच्या पेट्या दुरुस्त करतात. जळगावला थंडी पडते हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. पौषात तो पत्रा रात्रभर असा गारठतो की दुपारपर्यंत खोलीत बसवत नाही. नानांच्या बोटांचे सांधे त्या गारठ्यात आखडतात आणि बारीक कानस हातात धरवत नाही. जमिनीवर लाकडाचा भुसा आणि बाजूला स्पिरिटच्या बाटल्या, त्यामुळे शेगडी किंवा खाली ठेवायचा हीटर चालण्यासारखा नव्हता. म्हणून भावाने एक जुना हीटर छताच्या लोखंडी पट्टीला साखळीने टांगला होता. नाना गोणपाटावर मांडी घालून काम करतात, त्या बेताने त्याने साखळी लांब सोडली. उभ्या माणसाला वाकूनच आत जावं लागे.

भावाचं तेरावं झाल्यावर नाना बोलेनासे झाले, जेवणही नावापुरतंच. पण सकाळी उठून वर जात. असोद्याच्या भजनी मंडळाची पेटी उघडून ठेवलेली होती. तिच्या पितळी सूरपट्ट्या फडक्यावर मांडलेल्या. गावातल्या हरिनाम सप्ताहाच्या आधी त्यांना ती हवी होती. मी मनाशी धरून होतो की ते वर जातात तोवर काळजी नाही. हीटर गेला आणि त्यांचं वर जाणं थांबलं. “हात चालत नाही,” एवढंच म्हणाले आणि खाटेवर पडून राहिले. म्हणून मला नवा हीटर शोधायचा होता. मी त्यांना त्या खाटेवरून उठवायला निघालो होतो, हीटर हे निमित्त.

बाजारातल्या विजेच्या दुकानाचे मालक मारवाडी, आमच्या घराला पिढ्यांपासून ओळखणारे. जळालेली दांडी त्यांनी उजेडात धरून पाहिली.

“सरजी, ही आता येत नाही. आणि जळगावात गरम व्हायला मशीन कशाला? एप्रिलमध्ये या, फुकट गरम करून देतो.”

दुकानातली माणसं हसली. मीही हसलो असेन.

“नानांसाठी पाहिजे,” मी म्हटलं. त्यांनी गल्ल्यावरून उठून मला आत नेलं आणि खोकी उघडून दाखवली. न्हाणीघरात लावायचा एक होता, पण तो भिंतीचा. एक पंख्याचा होता, छताला बसणारा. त्यांनी तो चालू केला आणि मी लगेच नको म्हटलं, कारण तो घरघरत होता. सूर लावणाऱ्याला खोलीत दुसरा आवाज चालत नाही. शिवाय भुसा उडाला असता. शेवटी त्यांनी कोंबडीच्या पिल्लांवर टांगतात तो दिवा काढला.

“हा मुका आहे. वरून टांगायचा. बघा.”

दिवा लावल्यावर सगळं लालेलाल झालं. त्या उजेडात पितळेवरचा कानशीचा ओरखडा दिसला नसता. मी पिल्लांचा दिवा परत खोक्यात घातला.

मग धुळ्याला गेलो. हॉटेलवाल्यांना सामान पुरवणारं एक दुकान होतं, तिथे मनासारखा हीटर सापडला. लांब नळीचा, मुका, पांढुरक्या उजेडाचा, साखळीने टांगता येणारा. कागदावर लिहिलं होतं की तो माणसाच्या डोक्यावरून बराच उंच लावावा. बसलेल्या माणसाच्या की उभ्या, ते मीच ठरवायचं होतं. घ्यायच्या आधी घरी येऊन नानांना सांगितलं, तर त्यांनी नकाराची मान हलवली.

“घरमा दुख शे, भाऊ. आखाजी होत नही तोवर आपला हाते नवी वस्तू आणानी नही.”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या वर्षी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. ती भरल्याशिवाय आमच्याकडे घरात नवं काही विकत आणत नाहीत. पण आखाजी येते वैशाखात. तेव्हा त्या पत्र्याखाली माणूस भाजून निघतो. नानांना ते माझ्याआधी कळलेलं होतं.

वाट काढली ती बहिणीने. ती एरंडोलला दिलेली. दुखवट्याला लेकीच्या सासरहून कपडा येतो, तो नाकारत नाहीत. तिने फोनवर विचारलं, “दादा, धोतर-टोपीच्या जागी हीटर आणला तर चालेल का रे?”

“धोतरही आण,” मी म्हटलं. “दोन्ही आणलं की बोलायला जागा नाही.”

मेहुण्यांनी धुळ्याहून तो हीटर उचलला. नानांनी धोतर मांडीवर घेतलं, हीटरच्या खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “हाऊ भी दुखवटा का?” बहीण म्हणाली, “हो, हा तुमच्या हातांचा.” त्या दिवशी मेहुण्यांनी तो टांगला. मी गोणपाटावर बसून उंची सांगितली.

दुसऱ्या सकाळी नाना वर गेले. ऊब छान खाली येत होती. त्यांनी मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. “चांगलं शे,” म्हणाले. बहिणीला मी लगेच फोन केला. ती रडली.

मग ते माझी वाट पाहत बसल्याचं लक्षात आलं. सूर लावताना एक जण चांगल्या पेटीवर तोच सूर धरून ठेवतो आणि दुसरा पट्टी घासत जातो, दोन्ही आवाज एक होईपर्यंत. सूर धरायचा म्हणजे नुसतं बोट ठेवायचं नाही. भाता एकसारखा चालावा लागतो, दाब कमीजास्त झाला की सूर डुलतो. भाऊ लहानपणापासून रोज सकाळी हे करायचा. खाली वाचत बसलेल्या मला तो लांबलचक सूर छतातून ऐकू यायचा. हीटर निवडताना मी आवाज, उजेड, उंची सगळं धरलं होतं. भाता कोण मारणार, हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं; भाऊ गेल्यापासून वरून सूर ऐकू आला नव्हता, हेही नाही.

मी भात्यावर बसलो. नानांनी डोळे मिटून ऐकलं.

“सूर हालस.”

मी जपून मारला.

“हालस रे. अजून हालस.”

काही दिवस सकाळी आम्ही तसे बसलो. त्यांचे हात ऊबदार होते, कानस हातात होती आणि ती पट्टीला लागत नव्हती. एकदा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवून भाता थांबवला. “राहू दे. तू आपलं वाच,” म्हणाले. रागाने नाही. मुलाला पंगतीतून उठायची परवानगी द्यावी तसं.

असोद्याची माणसं मोटारसायकलवर आली. “नाना, झाली का आमची पेटी?” नाना त्यांच्याशी नीट बोलले, चहा द्यायला लावला. सूरपट्ट्या फडक्यात बांधून पेटीसकट त्यांच्या हाती दिल्या आणि म्हणाले, “दुसरीकडे दाखवा.” उघडी पेटी त्यांनी आयुष्यात कधी परत पाठवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी वर जाऊन हीटर लावला आणि खाली येऊन सांगितलं, “नाना, खोली तापलीय.”

“कोणासाठी?” त्यांनी विचारलं.

मी पुन्हा जिना चढलो आणि बटण बंद केलं.