पुरावाबाई आणि आगीचा पाठ

अध्यापक महाविद्यालयात तिला सगळे पुरावाबाई म्हणत. उद्याचे शिक्षक तिथे घडायचे, आणि इतिहास कसा शिकवायचा हे त्यांना शिकवणं तिच्याकडे होतं. "सनावळ्या घोकून घेणं म्हणजे इतिहास नव्हे," ती पहिल्याच तासाला बजावायची. "कोणी लिहिलं, का लिहिलं, हे मुलांना विचारायला लावा. आणि पुरावा नसेल तर तोंडाला कुलूप!" पोरं मागे नक्कल करायची, "बाई, चहा झाला याला पुरावा काय?" ते कानावर आलं की ती गालातल्या गालात हसायची.

ती इतिहासाकडे का वळली, हे मात्र तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तिचा थोरला भाऊ कापड गिरणीत कामाला होता. ती शाळेत असताना गिरणीला आग लागली. बरीच माणसं गेली, दादाही गेला. वर ठपका आला तोही त्याच्यावरच: गोदामात सिगारेट ओढत होता म्हणे. वडिलांनी हाय खाल्ली. आई मात्र भेटेल त्याला ठणकावून सांगायची, "माझं पोर सिगारेटला शिवतसुद्धा नव्हतं." मोठेपणी पुरावाबाई जुने कागद धुंडाळत हिंडली, म्हाताऱ्या कामगारांच्या दारात जाऊन बसली. हाती काहीच लागलं नाही.

यंदा एका विद्यार्थिनीचा सरावपाठ पाहायला ती शाळेत गेली आणि शेवटच्या बाकावर बसली. विषय आपल्याच शहरातला घ्या, असं तिनेच सांगितलं होतं. मुलगी मेहनती. तिने फळ्यावर गिरणीचं जुनं चित्र लावलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "एका कामगाराच्या निष्काळजीपणामुळे हे सगळं घडलं. लिहून घ्या."

मुलांनी माना खाली घातल्या आणि लिहून घेतलं.

तास संपल्यावर रिकाम्या वर्गात तिने विचारलं, "हे कुठून घेतलंस?"

"चौकशीच्या अहवालातून, बाई."

"तो कोणी लिहिला?"

मुलीने जीभ चावली. "गिरणीच्याच साहेबांनी. अय्या, म्हणजे तो कामगार निर्दोष होता?"

हे कोणीतरी विचारावं म्हणून बाई जन्मभर थांबली होती. तिने बाकाची कड घट्ट धरली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पुरावा नाही." मग फळ्यावरच्या चित्राकडे पाहत, "माझा दादा होता तो. सिगारेट ओढायचा गं. शर्टाला वास यायचा. आईला मी हे कधी कळू दिलं नाही."

मुलीचे डोळे भरून आले. "मी पुन्हा घेते पाठ, बाई. नीट घेते."

तिने घेतला. बाई काही पाहायला गेली नाही. दुपारी मुलगी धावतच आली. "बाई, मुलं काय भांडली! अर्धी म्हणतात मालकाचं पाप, अर्धी म्हणतात कामगाराचंच. कोणी मागे हटेना!" आणि आपण कोणाशी बोलतोय हे लक्षात येऊन तिने तोंडावर हात ठेवला.

"असाच घ्यायचा असतो पाठ," बाई म्हणाली. तिच्या पाठीवर हात ठेवला, शेऱ्यात 'उत्तम' लिहिलं आणि पर्स उचलून घरी निघाली.

आई खिडकीशी शेंगा सोलत बसली होती. "आज लवकर गं?"

"डोकं दुखतंय."

आईने शेंगांचं ताट बाजूला सारलं. एवढी पिकल्या केसांची लेक तिच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडू लागली. आईची बोटं तिच्या कपाळावरून फिरत राहिली.

"कुठे दुखतंय, बाळा? इथे? की इथे?"