शहापुरात शिवलेली जीन्स, सीट बेचाळीस

"मॅडम, तुम्ही स्ट्रेचच बघा, ॲडजस्ट होईल," कोल्हापुरातल्या एका चकाचक दुकानातली पोरगी म्हणाली. गेली पाच वर्षं ॲडजस्ट मीच होतेय. जीन्स मात्र दरवर्षी मांडीवर फाटते. चिडून घरी आले आणि तीन मीटर सेल्व्हेज डेनिम मागवलं. म्हणजे जुन्या, अरुंद मागावर विणलेलं जाड कापड. कडा मागावरच बांधलेल्या, त्यात लाल दोरा. पँट खाली दुमडली की तो दोरा दिसतो, आणि शौकीन मंडळी एकमेकांचे घोटे बघून खूश होतात.

आमच्याकडच्या शिंप्यांनी "सुई मोडंल" म्हणून हात वर केले. एकाने बेळगावातल्या शहापूरच्या अण्णांचं नाव सांगितलं. ते फाउंड्रीतल्या कामगारांच्या पँटी शिवतात. शनिवारी निघाले.

थेट बस चुकली, म्हणून निपाणीला बदलली. तिथे गरम भजी मिळाली. दोन प्लेट संपवल्यावर आठवलं, आपण मापं द्यायला चाललोय. पुढची बस कर्नाटकची, बायकांना फुकट म्हणून ऐकलेली.

"आधार?" कंडक्टर.

"महाराष्ट्राचं आहे."

"मग तिकीट काढा. बाई म्हणून फुकट न्हाय, हितली बाई म्हणून फुकट."

बेळगावात उतरून रिक्षा केली. शहापूरच्या गल्लीत ती शिरेना, म्हणून शेवटचा तुकडा चालत. तुम्ही गेलात तर सकाळी अकराच्या आत पोहोचा, नंतर अण्णा जेवायला जातात.

अण्णांनी कापड चोळून पाहिलं, मान डोलावली आणि कात्री उचलली. "ही लाल कड काढून टाकतो. बरी दिसत न्हाय."

मी किंचाळायच्या आत आतून त्यांची बायको धावत आली. "ब्याड, ब्याड! नको! काठ कापताय व्हय? माज्या बापाचं आयुष्य गेलं साडीचे काठ सरळ ठेवण्यात!"

त्या आक्का. विणकरांच्या घरातल्या. अण्णांनी कात्री खाली ठेवली. मग मापं. कंबर, मांडी आणि सीट, म्हणजे बसायच्या भागाचा घेर. अण्णा टेप घेऊन लाजत राहिले, तेव्हा आक्कांनीच तो हिसकावला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "सीट बेचाळीस! लिव्हा!"

मी भिंतीकडे बघत उभी. नवऱ्यालासुद्धा अडतीस सांगितलेली बाई मी. समोरच्या ओट्यावरून एका बाईचा आवाज आला, "बेचाळीसच? माझी चव्वेचाळीस हाय!" तिघीही हसत सुटलो. अण्णांनी वहीत डोकं खुपसलं.

मुक्काम एका साध्या लॉजवर. संध्याकाळी बेळगावची खव्याची मिठाई, कुंदा, खाल्ला, कारण आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

रविवारी जीन्स तयार. फळीसारखी ताठ. मी मांडी घालून बसले, उठले, पुन्हा बसले. शिवण हलली नाही.

"मी घालून बघू गं?" आक्कांनी हळूच विचारलं.

माझा जादा कुर्ता घेऊन त्या पडद्याआड गेल्या. बाहेर आल्या तेव्हा अण्णांचं मशीन थांबलं. कंबर सैल होती, म्हणून आक्कांनी खिशात हात घालून ती सावरली होती. तशाच दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"खिसं लई खोल हायत रं देवा," त्या म्हणाल्या.

"पस्तीस वर्सं पँटी शिवतोय," अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला कवा इचारलंच न्हाय."

आक्कांनी बराच वेळ हात बाहेर काढले नाहीत.

आता घरी आहे. कापडाचा रंग सुटून मांड्या निळ्या, सोफा निळा, आणि गुडघे दहा वाजेपर्यंत वाकत नाहीत. तरी रोज हीच घालते. काल आणखी तीन मीटर कापड मागवलं. पत्ता शहापूरचा दिलाय, नाव आक्कांचं.