हसरा दोर

हेस्बा काउलिंगला हसू आवरत नसे. प्रार्थनेत नाही, दातदुखीत नाही, सख्ख्या आत्याला पुरतानाही नाही. पोरीचं खूळ म्हणून समुद्रकाठच्या आमच्या फ्लॅम्बरो गावाने ते सोडून दिलं होतं. पण पोर तिशीला आली आणि त्या मे महिन्यात हे खूळ घराच्या मुळावर येतं की काय, अशी वेळ आली.

तिचे वडील एनॉक जन्मभर दोराला लटकून कड्यावरची समुद्रपक्ष्यांची अंडी काढत आले. आमचा कडा खडूचा. दिसायला पांढराशुभ्र, पण भरवशाचा मुळीच नाही. थंडीने तडकतो, लाटा त्याला खालून पोखरतात. एनॉकच्या आजोबांच्या काळी समुद्रात शिरलेल्या कमानीवर म्हणे मेंढ्या चरायच्या. मग कमानीचा माथा कोसळला आणि पाण्यात नुसता सुळका उरला.

त्याआधीच्या हिवाळ्यात असाच एक धोंडा सुटून एनॉकच्या गुडघ्यावर बसला. कडा अंडी काढणाऱ्या टोळ्यांत पट्ट्यापट्ट्याने वाटलेला. आणि गावचा रिवाज असा, की हंगामाच्या पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ज्याच्या पट्ट्यातून अंडी वर आली नाहीत, त्याचा पट्टा शेजारच्या टोळीचा. शेजारच्या पट्ट्याचा रॅम्सडेल त्या पहिल्या दिवशी सकाळपासूनच टोपली घेऊन बसला होता.

“मी उतरते,” हेस्बा म्हणाली. तिने बापाची विजार चढवली, गळ्यात अंड्यांसाठी दोन पिशव्या अडकवल्या आणि डोक्यावर धोंडा पडला तर असावा म्हणून टोपीत पेंढा कोंबला.

“उतर की,” रॅम्सडेल म्हणाला, “पक्ष्यांची तेवढीच करमणूक!”

बापाने आणि सेथकाकाने दोर सोडला. पाय सुटले, खाली हिरवा समुद्र गरगरला, हजारो पक्षी एकदम केकाटले आणि हेस्बा खदाखदा हसत सुटली. दोराला झटका बसला की वर ओढायचं, हा ठरलेला इशारा. तिच्या हसण्याने दोराला झटक्यांवर झटके! दोघांनी घाम गाळून तिला वर घेतलं. पिशव्या रिकाम्या.

“काय झालं गं?”

“काही नाही बाबा. मजा आली.”

पुन्हा सोडली, पुन्हा तेच.

“कार्टे, विहिरीचा पोहरा आहेस का?” सेथकाका करवादला. “माझे खांदे निखळले!”

सूर्य माथ्यावर येत होता. रॅम्सडेल आपला दोर उलगडू लागला.

“हे बघ, हसायचं तेवढं हस,” एनॉक म्हणाला. “दोर हलतोय तोवर आम्ही ओढणार नाही. थांबला, की ओढू.”

मग दोर हलतच राहिला. लेकीचं हसणं एनॉकच्या तळव्यांत गुदगुल्या करू लागलं. आधी त्याला हसू फुटलं, मग सेथकाकाला.

“सगळं खानदान वेडं आहे,” रॅम्सडेल म्हणाला.

आणि दोर थांबला. दोघांनी जिवाच्या आकांताने ओढलं. हेस्बा वर आली. दोन्ही पिशव्या अंड्यांनी गच्च, तोंडाला खडू, डोळे भरलेले.

“लागलं का कुठे?”

“नाही. खाली छपरासारखा दगड पुढे आलाय ना, त्याच्या आडोशाला खडूत दोन खळगे पडलेत, बाबा. टाचांचे. तुम्ही तिथेच टेकायचात ना?”

“तिथे वारा लागत नाही,” एनॉक पुटपुटला.

“माझे पाय त्यात बरोब्बर बसले. मग मला हसताच येईना.”

रॅम्सडेलने रिकामी टोपली उचलली आणि तो निघून गेला. एनॉक लेकीच्या केसांतला खडूचा चुरा झटकत बसला. चुरा संपला, तरी त्याचा हात थांबेना.