जोगव्याच्या कण्या

बायका देवीच्या कृपेचे अनुभव सांगतात तेव्हा कुणाला गाभाऱ्यात कृपा झालेली असते, कुणाला स्वप्नात. माझ्यावर झाली ती परसाकडच्या वेळेला. ज्यांना हे ऐकायची लाज वाटते त्यांनी इथंच थांबावं. मी आता इतकी म्हातारी झाले आहे की लाजायला मला सवड नाही, आणि ती सकाळ आठवली की अजूनही एका जागी बसवत नाही, कुणाला तरी धरून सांगावंसं वाटतं.

मूळव्याध मला धाकट्या लेकीच्या वेळच्या बाळंतपणापासून होती. सात-आठ वर्षं मी ती कुणाला कळू दिली नाही. लुगडं रक्तानं भरायला लागलं तेव्हा आमच्या मालकांना कळलं आणि त्यांनी बैलगाडीत घालून मला परभणीच्या दवाखान्यात नेलं. आमचं गाव झरीच्या पलीकडे. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण दवाखान्यातला डॉक्टर अजून हैदराबादकडचीच बोली बोलायचा. त्यानं पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर केलं आणि जे कापायचं ते कापलं. घरी सोडताना मला म्हणाला, "बाई, खाना नक्को छोडना. नरम खाओ, पेट खुलासा रखो." मालकांना वेगळं सांगितलं, की आठ दिवसांत पोट साफ झालं नाही तर हिला परत आणा, पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल.

मी घरी आले ती सर्वपित्री अमावस्येला. दुसऱ्या दिवशी घट बसले. जखम वाहती, म्हणून मला देवघरापासून लांब ओसरीवर वाकळ टाकून दिली होती. उताणं निजता येत नव्हतं, पालथी पडून राहायची. बसण्यासाठी धाकट्या जाऊबाईंनी जुन्या लुगड्याची एक मोठी चुंबळ करून दिली होती. डोक्यावर घागर ठेवायला करतो तशीच, पण परातीएवढी. तिच्यावर मी घागरीसारखी बसायची. सकाळ-संध्याकाळ लिंबाचा पाला उकळून घंगाळात कोमट पाणी ओतायचं आणि त्यात बसायचं. तेवढी घटका बरी जायची.

आता खरं सांगते. दवाखान्यात एकदा मी परसाकडला जाऊन आले होते. तीन बाळंतपणं झालेली बाई मी, पण तसं दुखणं मी कधी सोसलं नव्हतं. काचा गिळून काचाच बाहेर याव्यात तसं. परत येऊन भिंतीला डोकं टेकलं आणि मनाशी ठरवलं, आता हे पुन्हा नाही. पण न जाऊन कसं भागेल? त्याला एकच उपाय होता, पोटात काही घालायचंच नाही. आणि नेमकं नवरात्र आलं. आमच्या घरात थोरल्या सुनेला नऊ दिवस उपास, दिवसातून एकदा दूध आणि खारीक, बस. मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, म्हटलं, यंदा देवीनं जीव वाचवला, मी दूधही घेणार नाही, नुसत्या पाण्यावर राहते. आत्याबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी गल्लीत सांगितलं. गल्लीतल्या बाया येऊन, मी पालथी पडलेली असताना, माझ्या पायांना हात लावून जायला लागल्या. मी डोळे मिटून घ्यायची. त्यांना वाटायचं मी देवीचं नाव घेते. मी आपली पोटात कळ येते का ते बघत असायची.

मालकांनी दोनदा डॉक्टरचं बोलणं काढलं. आत्याबाई म्हणाल्या, डॉक्टरला काय ठाऊक आपली देवी. मालक आईपुढं बोलत नसत. त्यांनी दिवस मोजायला घेतले, आणि आठव्या दिवशी सकाळी गाडी जुंपायची असं गड्याला सांगून ठेवलं.

पाचव्या दिवसापर्यंत पोट दगडासारखं झालं. अंगात कणकण, तोंड कडू. खाल्लेलं नसलं तरी आधीचं आत होतंच, हे माझ्या चार बुकं शिकलेल्या डोक्यात आलं नव्हतं. पुन्हा टेबल, पुन्हा ती सुई, आणि त्याच्याआधी खाचखळग्यांच्या वाटेनं गाडीत आदळत जाणं. मी पडल्या पडल्या देवीला म्हणायची, तुझ्यासाठी एवढं करते, तू काय करायलीस? देवीशीही खोटंच बोलत होते.

त्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी एक आराधीण जोगवा मागायला आली. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. वयानं माझ्याएवढीच असेल, उन्हानं रापलेली, आवाज घोगरा. आमच्या गावात तिला कुणी ओळखत नव्हतं. शेजारच्या दारात कुत्रं आडवं झोपलं होतं आणि ते उठून गुरगुरलं, म्हणून ती तिथलं दार सोडून आमच्याकडं आली. हे तिनंच हसत सांगितलं.

आत्याबाई सुपात ज्वारी घेऊन आल्या. आराधीण म्हणाली, घट ज्या सुनेचा तिनं आपल्या हातानं जोगवा घालावा. आत्याबाई म्हणाल्या, तिला उठवत नाही. तरी मी उठले. सूप हातात घेतलं, परडीत अर्धी ज्वारी पडली, अर्धी ओसरीवर सांडली, आणि मी खांबाला धरून खाली बसले. चुंबळीवर नाही, नुसत्या जमिनीवर. जीव गेला असं वाटलं.

आराधिणीनं परडी खाली ठेवली. माझ्या तोंडाकडं बघितलं, वाकळीकडं बघितलं, चुंबळीकडं बघितलं. आत्याबाई पाणी आणायला आत गेल्या तशी ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "माय, ह्यो उपास आईसाठी हाय, का परसाकडं जावं लागू नये म्हणून?"

हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं, देवीला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "तुला कोण सांगितलं?"

"मलाबी ह्योच आजार होता. मीबी अशीच पालथी पडून हुते." ती कवड्या मागं सारत म्हणाली. "आईचं नाव घेऊन भ्याले, तर आई ते भ्याव उपासात धरत न्हाई."

मग मी रडले. रडू दुखण्याचं नव्हतं. पाच दिवस पायांना हात लावून घेतले होते, ते सगळे हात आता मला टोचायला लागले.

आत्याबाई पाणी घेऊन आल्यावर आराधिणीनं मोठ्यानं सांगितलं, की हिला जोगव्याच्या कण्या खाऊ घाला. पाच घरची ज्वारी माझ्या परडीत आहे, ती भरडा, ताकात मऊ शिजवा, वरून तूप सोडा. आत्याबाई म्हणाल्या, "बाई, नवरात्र हाय. आमच्या घरात सून आन्न खात न्हाई."

"आन्न कोण म्हणालं? परसाद हाय. आईच्या परडीतला परसाद तुमी दारातनं माघारी लावायलाय का, म्हातारे?"

आत्याबाईंना म्हातारे म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. त्या एकदा तिच्याकडं, एकदा परडीकडं बघत राहिल्या. प्रसादाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नसतं. त्या वळल्या आणि जाऊबाईंना म्हणाल्या, "जात्यावर बस."

कण्या शिजेस्तोवर आराधीण उंबऱ्याजवळ बसून राहिली. पालमकडची होती. तिनं आपल्या आजाराच्या अशा काही गोष्टी सांगितल्या की जाऊबाई जातं थांबवून हसायला लागल्या. मला हसवत नव्हतं, हसलं की खाली ओढ बसायची, मी तिला हात जोडून गप्प बस म्हणत होते आणि ती अजून सांगत होती. वाडगाभर कण्या मी तिच्यासमोर खाल्ल्या. पाच दिवसांनी जिभेला मीठ लागलं. परडीतली उरलेली ज्वारी तिनं आमच्याच सुपात ओतली, दोन दिवस हेच घाला म्हणाली. जाताना मला म्हणाली, हिंडायला लागलीस की पौर्णिमेला तू पाच घरं जोगवा माग. मी तेव्हा हो म्हटलं. कशालाही हो म्हटलं असतं.

शनिवार गेला, काही नाही. रविवार गेला, पोट गुरगुरलं, पण मी आवळून धरलं. सोमवारी आठवा दिवस. गड्यानं अंगणात गाडी आणून उभी केली, गाडीत कडबा अंथरला, त्याच्यावर माझी चुंबळ ठेवली. बैल जुंपले. मालक चाबूक हातात घेऊन, चाबकाची वादी उगाच नीट करत उभे होते. जाऊबाई मला धरून ओसरीच्या पायरीपर्यंत आल्या आणि तिथं माझ्या पोटात कळ आली.

मी आवळून धरणार होते. सवयच लागली होती. पण मनात म्हटलं, आई, मला भीती वाटते. एवढंच. नवस नाही, काही देईन असं नाही, उपास करते असं नाही. आठ दिवसांत मी देवीशी पहिल्यांदा खरं बोलले. आणि अंग सैल सोडलं.

जाऊबाईंना म्हटलं, परसात चला. त्या मला धरून गोठ्यामागं घेऊन गेल्या. पुढचं जास्त सांगत नाही. दुखलं, नाही दुखलं असं कसं म्हणू, पण काच नव्हती, काही फाटलं नाही. मऊ कण्यांनी आणि तुपानं आपलं काम केलं होतं. मी गोठ्याच्या भिंतीला धरून उभी राहिले आणि मोठ्यानं ओरडले, "बैल सोडा." जाऊबाईही ओरडल्या. आतून आत्याबाई धावत आल्या, काय झालं ते कळल्यावर त्यांनी भर अंगणात देवीच्या नावाचा उदो केला. गडी बैल सोडता सोडता तोंड फिरवून हसत होता. मालकांनी चाबूक खाली टाकला आणि मटकन गाडीच्या दांडीवर बसले. त्या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा रडताना बघितलं. असल्या कारणासाठी एवढा आनंद झालेलं घर मी दुसरं बघितलेलं नाही.

लोक मला विचारतात, ती आराधीण म्हणजे देवीच होती का. नव्हती. पुढं दोन-तीन वर्षांनी जत्रेत मला ती दिसली होती, बांगड्यांच्या भावावरून हुज्जत घालत होती. तिनं माझं दुखणं कसं ओळखलं तेही सांगितलंच आहे, त्यात नवल काही नाही. पण ती त्याच दिवशी आली, आमच्याच दारात आली, आणि जे मी कुणाला बोलले नव्हते ते बोलून गेली. याच्यापुढं मला काही म्हणायचं नाही. मी फक्त हात जोडते.

पौर्णिमेला मी जोगवा मागायला निघाले. आत्याबाई आडव्या आल्या. आपण घालणारे, मागणारे नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, परडीला हो म्हणून बसले आहे. हळूहळू पाय टाकत मी आमच्या गड्याच्याच घरी आधी गेले. त्याची बायको चुलीपुढून उठून दारात आली, मला बघून घाबरली, आत या म्हणाली, बसायला पोतं झटकायला लागली. मी पदर पसरला. तिला समजलं. तिनं आत जाऊन ओंजळभर ज्वारी आणली आणि माझ्या पदरात घातली. वर्षानुवर्षं सुपानं माझ्याकडून नेणारी बाई ती.

तोवर मी देवीपुढं काहीतरी घेऊनच गेले होते. नारळ, खण, उपास, सोसलेलं दुखणं. माझ्यापाशी एवढं आहे, हे दाखवायलाच गेले होते. त्या दारात माझ्यापाशी काही नव्हतं, आणि मला तिथून रिकामं पाठवलं नाही.