साडूंच्या विटा

खेळण्यातल्या विटांवर जीव टाकणारा प्रौढ माणूस अख्ख्या जव्हार-मोखाड्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू वावर गावाच्या पुढे एका पाड्यावर शिक्षक. कुठलाही विषय काढा, ते विटांचा इतिहास सांगणार. आधी लाकडी ठोकळे, मग वाळू, खडू आणि जवसाचं तेल कालवून दाबलेले दगडी, मग रबराच्या विटा, शेवटी एकीत एक बसणाऱ्या प्लास्टिकच्या. सासऱ्यांच्या तेराव्याला पानं वाढून झाली तरी हे भटजींना जवसाच्या तेलाचं प्रमाण समजावत होते. एकदा तसे ठोकळे स्वतःच करायला बसले. मेहुणीची कढई कामातून गेली, ठोकळे काही वाळले नाहीत. चौथीतल्या एका मुलीने त्यातला एक दाबून पाहिला नि म्हणाली, "गुरुजी, नीट मळलं नाय." दर दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची. तिला कळणारच.

मग कुणा दात्याने शाळेला प्लास्टिकच्या विटांची पेटी दिली. साहेबांच्या हस्ते उद्घाटन होईपर्यंत ती फोडायची नाही, असा हुकूम निघाला. दिवाळीच्या आत उघडू द्या, म्हणून साडूंनी चार अर्ज केले. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात ते ज्या टेबलावर पडून राहिले, ते माझंच होतं. "नियम आहे, साडू," मी म्हणालो होतो. साहेब दिवाळीनंतर आले, फोटो निघाले. वर्गात तेव्हा तीन मुलं उरली होती, बाकीची भट्टीवर.

पुढच्या रविवारी साडू पेटी काखोटीला मारून भिवंडीला निघाले. मीही त्यांच्यामागून एसटीत चढलो. भट्टीवर ती मुलगी कच्च्या विटा उलटून उन्हात लावत होती. मुकादम म्हणाला, "गुरुजी, लवकर आटपा." तिने आधी हात धुतले, फ्रॉकला पुसले, मग दोन विटा एकमेकींत बसवल्या आणि सोडवल्या.

"या भाजायच्या नायत?"

"नाहीत."

"बरं हाय," ती म्हणाली. पेटी झोपडीतल्या धाकट्या बहिणीपुढे ठेवून ती पुन्हा विटा उलटायला गेली.

परतीच्या एसटीत विक्रमगडपर्यंत साडू खिडकीबाहेर बघत होते. विटांचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मग माझ्याकडे न बघताच हळू आवाजात म्हणाले, "तिला चौथीचं सगळं गणित येतं हो."