झाडू वल्द लहानू

इतवारी सिडामला अकरा महिन्यांपासून एकच वेड लागलं होतं. मेलेल्या बापाचं नाव कुठल्या तरी जुन्या कागदावर सापडावं! कागद एकोणीसशे पन्नासच्या आधीचा हवा आणि त्यावर जात गोंड लिहिलेली हवी. तो मिळाला तर पोरगी करिश्मा नर्सिंगच्या कॉलेजात राहणार, नाही मिळाला तर पेटी उचलून घरी येणार. राखीव जागेवर प्रवेश घेताना जात पडताळणीचं प्रमाणपत्र मुदतीत आणून देईन, असं तिनं लिहून दिलं होतं. मुदत एकदा वाढली होती. पुन्हा वाढेल असं कोणी छातीला हात लावून सांगत नव्हतं.

आता टोल्यातल्या, त्या एवढ्याशा वस्तीतल्या कुत्र्यालाही इतवारीची जात ठाऊक होती. पण कुत्र्याचा जबाब पडताळणी समिती घेत नाही, आणि माणसाचा घेतला तरी त्याला कागदाची जोड मागते. कागद आणायचा कुठून? टोल्यात शाळा आली एकसष्ट साली. इतवारीचा बाप झाडू तोवर वीस वर्षांचा बाप्या होऊन जंगलात लाकूडतोडीला लागलेला. त्यानं पाटी धरली नाही, त्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, कोर्टकचेरी त्यानं लांबूनसुद्धा पाहिली नाही. सरळ माणूस होता हाच त्याचा गुन्हा. भांडखोर असता तर निदान ठाण्यात तरी नाव सापडलं असतं.

कुरखेड्याच्या बाजारात कोणीतरी इतवारीला देवराव गुरुजींचं घर दाखवलं. गुरुजी मूळचे चिमूरचे, इतिहासाचे निवृत्त मास्तर. बेचाळीस सालच्या आपल्या गावच्या माणसांबद्दल कागद गोळा करता करता त्यांचे केस पिकले होते. त्यांनी इतवारीला चहा दिला आणि पोराला शिकवावं तसं शिकवलं.

"हे पाहा इतवारीभाऊ, ज्या काळची गोष्ट त्याच काळात लिहिलेला कागद, तो अस्सल. मागाहून कोणी ऐकून, वाचून लिहिलं, ते दुय्यम." मग त्यांनी कपाटातून जिल्ह्याचं एक जुनं जाडजूड पुस्तक काढलं. "यात गोंडांवर नऊ पानं आहेत. पण हे दुय्यम. यात तुमची जात आहे, तुमचा बाप नाही."

"जातीले काय करू गुरुजी? मले बाप पायजे."

"मग कोतवालाचं बुक शोधा. गावात कोण जन्मला, कोण मेला, हे कोतवाल त्या बुकात लिहून ठाण्यावर नेऊन द्यायचा. त्याहून अस्सल दुसरं काही नाही."

तेव्हापासून 'अस्सल' हा शब्द इतवारीच्या तोंडात बसला. घरी म्हातारी मनकर्णा आत्या होती, झाडूची सख्खी धाकटी बहीण, वय ऐंशी. तिला बापड्या भाच्याला मदत करायची फार हौस. संध्याकाळी तो थकून आला की ती सुरू करायची, "अगा, तुया बापाच्या जन्माची गोष्ट सांगू का?" आणि हा चौथी पास शहाणा तिला म्हणायचा, "आत्याबाई, तू दुय्यम हायेस. गप राय." अकरा महिने त्यानं म्हातारीला एक वाक्य पुरं करू दिलं नाही.

तालुक्याच्या रेकॉर्ड खोलीत लाल फडक्यात बांधलेले बस्ते छतापर्यंत रचलेले. तिथली कारकून रंजीताबाई भली होती. एक दिवसाआड येणाऱ्या या माणसाची तिला दया आली आणि तिनं त्याला बस्ते उतरवायला आत घेतलं. एका बस्त्याला वाळवी, दुसऱ्याला उंदीर, तिसऱ्यात भलत्याच परगण्याचे कागद. धानाची रोवणी त्यानं बायकोच्या गळ्यात टाकली, तेंदूपानाचा हंगाम बुडवला. आपल्या टोल्याचं बुक असेल म्हणून समितीलाही अर्ज दिला, की सापडल्यावर त्यांनीच ते मागवावं. काम पक्कं व्हायला पाहिजे ना!

दिवाळीनंतरच्या एका दुपारी बुक सापडलं. रंजीताबाईनं पान उलटून बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, "सात मार्च एक्केचाळीस. मुलगा. झाडू..." इतवारीचे हात आपोआप जोडले गेले. "...वल्द लहानू. जात ढिवर."

वल्द म्हणजे अमक्याचा पोरगा, एवढं त्याला कळत होतं. पण त्याच्या आज्याचं नाव लटारू. लहानू ढिवर हा आज्याचा शेजारी, नदीवर जाळं टाकणारा.

"बाई, हा दुसरा झाडू असन."

रंजीताबाईनं मागची-पुढची पानं चाळली. त्या वर्षात टोल्यात तीन जन्म, त्यातल्या दोन मुली. दुसरा झाडू आणायचा कुठून? तिनं खाली मान घालून सांगितलं, की समितीचं पत्र आलेलं आहे, एक नक्कल तिकडं पाठवावीच लागेल. इतवारीनं स्वतःच्या हातानं ती वाट करून ठेवली होती.

घरी येऊन तो ओट्यावर मटकन बसला. "आत्याबाई, माया बाप ढिवराचा होता का वो?"

मनकर्णा आधी हसली, मग त्याचं तोंड बघून घाबरली. "तेच तर सांगून राह्यली होती ना मी तुले! मायची पाच लेकरं एकामागं एक गेली. मंग हा झाला. मायनं त्याले उकिरड्यावर ठेवलं, झाडूनं लोटलं, अन् लहानूच्या बायकोले सूपभर कोंड्यात विकलं. आपल्या घरातलं लेकरू म्हणून मरण त्याले पाहत येते. दुसऱ्याचं झालं का वाट चुकते. जावळ निघेपर्यंत त्याले आपला म्हणाचा नाई. कोणी बी विचारो, पाटील विचारो, सरकार विचारो, बाप कोण, तं लहानू."

"अन् कोतवाल?"

"कोतवाल आपल्याच गावचा. त्याले ठाऊक होतं सारं. खरं लिवलं असतं अन् पोरगं मेलं असतं, तं पाप कोणाले?"

"मंग जावळ झाल्यावर?"

"परत घेतलं. गावजेवण देल्लं."

"कोतवालाले सांगतलं काय परत घेतलं म्हणून?"

लेकरू घरी आल्याच्या आनंदात सरकारच्या बुकाची आठवण कोणाला होणार? विकल्याची नोंद झाली, परत आणल्याची राहून गेली. मरणाला फसवायला लिहिलेलं एक नाव मरण विसरून गेलं, पण बुक विसरलं नव्हतं. इतवारीला आजीचा राग आला, कोतवालाचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. इतका, की त्यानं ओट्याच्या खांबावर डोकं आपटून घेतलं. हीच गोष्ट ही म्हातारी अकरा महिने सांगत होती.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ती सगळी ऐकली. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"गोष्ट खरी आहे, मला शंका नाही. अस्सल कागदसुद्धा खोटं बोलतो, हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. चूक माझी."

"आत्याबाईले उभी करतो मी समितीच्या साहेबापुढं."

"तिचा जन्म?"

"चव्वेचाळीस."

"म्हणजे भावाच्या जन्माला ती नव्हतीच. ऐकीव बोलणं त्या वेळच्या नोंदीपुढं टिकणार नाही. आणि तिनं गोष्ट सांगितली, की नोंद तुमच्या बापाचीच हे तुम्ही कबूल केलं. मग जात ढिवर, दावा फेटाळला, संपलं." पुढचं बोलताना गुरुजींनी नजर खिडकीबाहेर ठेवली. "एकच वाट दिसते. हा झाडू आमचा नाही, म्हणा. नोंद गैरलागू ठरेल, फाईल उघडी राहील. चार-सहा महिने मिळाले तर दुसरं काही शोधू. मी आयुष्यभर पोरांना कागदाशी इमान राखा म्हणून शिकवलं, इतवारीभाऊ. मला शरम वाटते हे सांगायला."

सुनावणीच्या दिवशी मनकर्णा ऐकेना. कितीही सांगितलं तरी नवं लुगडं नेसून ती एसटीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. साहेबापुढं काय बोलायचं ते तिनं वाटभर घोकलं. पाच लेकरं, उकिरडा, झाडू, सूपभर कोंडा. शेजारी बसलेली करिश्मा तिचा हात धरून ऐकत होती. बापानं रात्रीच तिला सगळं सांगितलं होतं, आणि ती एवढंच बोलली होती, "बाबा, मले नाई शिकाचं मंग." त्यावर त्यानं तिला आयुष्यात पहिल्यांदा शिवी दिली.

म्हाताऱ्या आत्येला बाहेरच्या बाकावर बसवून बापलेक आत गेले. साहेब वाईट नव्हता. त्यानं बसायला सांगितलं, नक्कल समोर सरकवली आणि विचारलं, "या नोंदीतला झाडू म्हणजे तुमचे वडील का?"

इतवारीनं त्या कागदाकडं पाहिलं. पन्नासच्या आधीचा, बापाचं नाव लिहिलेला साऱ्या जगात एवढाच एक कागद होता. करिश्मा मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती.

"नाई साहेब. हा दुसरा."

"नक्की?"

"नक्की."

साहेबानं लिहिलं, अर्जदाराचा या नोंदीशी संबंध नाही. "मग तुमच्या वडिलांची नोंद कुठं आहे?"

"कुठीच नाई साहेब."

"सहा महिने देतो. शोधा. यापुढं मुदत नाही." दोघांनी सह्या केल्या. इतवारीची सही रेघ सोडून खाली गेली.

बाहेर मनकर्णा पदर सारखा करून उठून उभी राहिली होती. "बोलावलं का गा मले?"

"नाई आत्याबाई. काम झालं."

"झालं? मले न विचारताच? काय सांगतलं मंग तू?"

करिश्मा रडायला लागली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तो झाडू आपला नव्हे, असं सांगतलं. सही करून देल्ली."

म्हातारी पुन्हा बाकावर बसली. साहेबाचा शिपाई पुढच्या माणसाचं नाव पुकारून गेला, तो माणूस आत गेला, दार लागलं. मग तिनं भाच्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, रागही नव्हता. खरंच कळत नसल्यासारखं तिनं विचारलं, "मंग मी कोणाची बहीण व्हय रे, इतवारी?"